बाळाच्या गोधडीतला कोरा तुकडा

वहिनी,

तुझी सुई अजून गोधडीत तशीच टोचलेली आहे. सुतकात आपल्याकडे सुई धरत नाहीत, म्हणून कोणी ती काढलीही नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली, तू गुंडाळून ठेवलीस तशी गोधडी पडून आहे. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी तुझ्या फोटोकडे बघतो, मग तिच्याकडे. सगळे तुझ्याविषयी चांगलंच बोलतायत. मीही बोलेन. पण तुझं-माझं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू गेलीस म्हणून ते मिटलं असं मी धरणार नाही.

भाव करायला मला तू शिकवलंस. भिवंडीच्या बाजारात लोक म्हणतात, जगनशेठसमोर बसायचं तर पोटभर जेवून बसावं, तो तासभर तोंड उघडत नाही. त्यांना वाटतं हे मी धंद्यात शिकलो. दादाशी लग्न होऊन तू आमच्या नारपोलीच्या खोलीत आलीस तेव्हा मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कांड्या भरायचो. सुट्टीच्या दिवशी पिशवी धरायला तू मला मच्छीबाजारात न्यायचीस. खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांच्या वाट्यासमोर उकिडवी बसायचीस आणि नुसती बघायचीस. कोळीण भाव सांगायची. तू गप्प. तिने माशी वारायची, पाणी मारायचं, पुन्हा भाव सांगायचा. तू गप्प.

"काय गो, मुकी हायस काय? बोल की काय तरी!"

तू एक निवटी बोटाने उलटी करून बघायचीस.

"बरं, दोन वर टाकते. आता तरी उचल. अगो, बाजार उठेल, जीव घेशील माझा!"

परतताना तू मला सांगितलंस, "आपन बोलायचा न्हाय, जगन. तिला बोलू दे. ती बोलते तवाच भाव उतरतो." एवढ्यावर मी आयुष्य काढलं. लूमवाल्यांकडून कोरं कापड घ्यायचं, रंगवणाऱ्या पार्टीला विकायचं. मध्ये बसून गप्प राहायचं. बाकीचं ते आपणहून करतात.

आमच्याकडे मोठ्या वहिनीलाही 'तू'च म्हणतात. माझ्या ऑफिसात बसलेले व्यापारी ते ऐकून दचकायचे. 'तुम्ही' म्हणालो असतो तर तूच दचकली असतीस.

माझा पहिला माल आठवतो तुला? खाडीचं पाणी गल्लीत शिरलं आणि खोलीत रचलेले तागे भिजले. मी उंबऱ्यावर बसून लोकांना शिव्या देत होतो, कोणाला ते मलाही माहीत नव्हतं. तू पदर खोचलास, एकेक तागा खांद्यावर टाकलास आणि शेजाऱ्यांच्या गच्च्या चढलीस. सगळ्या गल्लीच्या गच्च्यांवरून माझं कापड लोंबत होतं. समोरच्या चाळीतली बाई ओरडली, "गो, आमची पापडं कुठं घालू?" तू गच्चीवरून म्हणालीस, "पापड उद्या पन सुकतील. ह्या पोराचा धंदा उद्या न्हाय सुकायचा." तो माल विकला गेला. दादा तेव्हा होता. तो गेल्यावर तुला तुझा भाऊ शंकर न्यायला आला होता, म्हणाला, ताई, माहेरी चल. तू म्हणालीस, जगनच्या घरातल्या गोधड्या अर्ध्या हायत, त्या झाल्या की बघू.

त्या कधी झाल्याच नाहीत. एक पुरी व्हायच्या आत दुसरीची चौकट तू जमिनीवर अंथरलेली असायचीस. माझं लग्न होऊन सुरेखा या घरात आली तेव्हा एक, माझी प्राची झाली तेव्हा एक, शेजाऱ्यापाजाऱ्यांची बाळं, भाच्यांची लग्नं. रीत तुझी ठरलेली. हातभर दोरा ओवायचा, तो संपला की उठायचं. कुकरला शिट्टी होईपर्यंत थोडं, पाणी यायची वाट बघताना थोडं, दूध वर येईपर्यंत दोन टाके. वेळ असला तरी दुसरा दोरा ओवायची नाहीस. मी चिडायचो. "मशीनवर टाक ना एकदाची. घटकाभरात होईल."

"मशीनवरची गोधडी अंगाला धरत न्हाय."

"कोण म्हणतं?"

"अंग म्हनतं."

तुझ्यासमोर टीव्ही लागलेला असायचा, पाहुणे भांडत असायचे, सुरेखा भाजी निवडत असायची, मी फोनवर कोणावर तरी ओरडत असायचो, आणि गोधडी रोज दोन बोटं सरकायची. शेजारच्या गाळ्यातल्या लूमचा खटखटाट चालू असला की तुझा टाका सरळ पडायचा. लाइट गेली, गल्ली एकदम शांत झाली, की तू सुई बोटात खुपसून घ्यायचीस.

आणि तुझा नियम. बाळाच्या गोधडीत नवं कापड घालायचं नाही. घरातल्या माणसांनी वापरून मऊ केलेलंच लागतं. साडी, लुंगी, परकर, उशीचा अभ्रा. माझ्या गोदामात तागे रचलेले असताना तू माझ्याकडे जुनी बनियन मागायचीस. एकदा मी उजेडासारखं पांढरं कापड तुझ्यासमोर टाकलं तर तू पायाने सरकवलंस. "ह्याला कांजी हाय. पोराच्या गालाला टोचंल."

हे मी मुद्दाम लिहितोय, वहिनी. कारण त्या दिवशी तुझ्या मांडीवर मी काय बघितलं ते वाचणाऱ्यालाही कळू दे.

प्राचीला दिवस राहिले आणि तू तिच्या बाळाची गोधडी धरलीस. खाली तुझी स्वतःची साडी, मध्ये दादाची धोतरं, वरती आम्हा सगळ्यांचे तुकडे. त्याच दिवसांत शंकरचा माल आला. तुझा भाऊ म्हणून मी त्याच्याशी कधी वेगळा वागलो नाही, हे तुला ठाऊक होतं. आपल्या धंद्यात सौदा ठरला की कापडाचा एक तुकडा कापतात, त्यावर दोघं बॉलपेनने सह्या करतात आणि तो मधोमध फाडून अर्धा-अर्धा ठेवतात. माल आला की त्या तुकड्याशी ताडून घ्यायचा. पातळ निघाला तर तुकडा पुढे करायचा, मग वाद उरत नाही. शंकरचा माल पातळ होता. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोरे त्याने कमी मारले होते. बोटांत धरताच मला कळलं.

मी माल परत करणार होतो. सगळा. त्यात शंकरचा गाळा बंद पडला असता हेही मला दिसत होतं. पण पातळ कापड विणताना त्यालाही दिसत होतं. त्याच्याकडचा अर्धा तुकडा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, उंदरांनी नेला. म्हणजे सगळं माझ्या अर्ध्यावर होतं. पेटी उघडली तर तुकडा नाही. मी ऑफिसात सगळ्यांना शिव्या घातल्या, घरी आलो, कपाटं उपसली. सुरेखावर ओरडलो. मग पाणी प्यायला पुढच्या खोलीत आलो आणि तुझ्या मांडीकडे नजर गेली. दादाची हिरव्या चौकडीची लुंगी, सुरेखाची जांभळी साडी, आणि दोन्हींच्या मध्ये कोऱ्या कापडाचा चौकोन. त्यावर फिकट निळी, फाटलेली, माझी सही.

"ह्यो तुकडा कुठून आनलास?"

"घरातला."

"घरातला म्हंजे माझ्या पेटीतला."

"तुझी पेटी घरातच हाय ना?"

"बाळाच्या गोधडीत कोरा कापड? तू?"

तू मान वर केली नाहीस. "धुतला. परत परत धुतला. कांजी गेली समदी. हात लावून बग, कसा मऊ झालाय."

धुतलेल्या तुकड्याचं वजन बाजारात कोणी धरत नाही. तुला हे कळत नव्हतं असं मला सांगू नकोस. चाळीस घरांच्या गल्लीत तुझ्याइतकं कापड कोणाला कळत नव्हतं. तरीही मी शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली. निदान शंकरच्या तोंडावर तो फेकायला तरी हवा होता.

तू गोधडी माझ्याकडे सरकवलीस. "उसव. बाळाच्या गोधडीचा टाका उसवायचा नसतो ह्या तुला ठाव हाय. तरी पन उसवायचा तर तुझ्या हातानी उसव. पोरगी बगते हाय."

दारात माहेरी आलेली प्राची उभी होती, पोटावर हात ठेवून.

मी कात्री ठेवली. एवढं सोपं होतं तुला. माझ्या नातवंडाच्या अंगावर तू माझा तुकडा लपवलास, कारण तिथे माझा हात जाणार नाही हे तुला माहीत होतं. एवढा पक्का सौदा मी आजवर कोणाशी केला नाही. कात्री ठेवताना मी म्हणालो, "खातेस इथला आनि शिवतेस तिकडचा." तू दोरा तोडलास, गोधडी गुंडाळलीस आणि आत गेलीस. त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. शंकरचा माल मला ठेवून घ्यावा लागला. मी ते रागात बोललो होतो. तू जे केलंस ते थंड डोक्याने केलंस. दोन्ही सारखं नाही, वहिनी.

मग आपला अबोला. आपण दोघं एकाच शाळेत शिकलेलो. आधी बोलेल त्याचा भाव उतरणार. एका चटईवर बसून जेवायचो आणि मध्ये सुरेखा.

"सुरेखा, त्याला सांग, येताना पांढरा दोरा आन. जाडा."

"सुरेखा, तिला सांग, दोरा शंकरच्या गाळ्यावर फुकट मिळतो."

"सुरेखा, त्याला सांग, म्हातारी पायी जाईल न आनील."

सुरेखाने पोळपाटावर लाटणं आपटलं. "मी काय तुमची टेलिफोनची तार हाय? एकमेकांच्या ताटात कोपर लागतंय दोघांचं!"

दोरा मी आणला. जाडा. टीव्हीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता.

तू बोलत नव्हतीस, पण गोधडी सरकत होती. कुकर, पाणी, दूध, हातभर दोरा. बाहेरून आत येणाऱ्या टाक्यांच्या चौकटी लहान लहान होत चालल्या. मी पेपर वाचायचं सोंग करून बघायचो, अजून किती राहिली. गोधडी पुरी झाली की तू ती झटकून मला दाखवायला आणायचीस, दर वेळी. म्हणायचीस, "बग, शेठ, माल पास हाय का?" मी ठरवलं होतं, तेव्हा तुला बोलावंच लागेल. म्हणजे तू आधी बोलशील. मग मी बोलेन. मी तिथपर्यंत थांबायला तयार होतो.

तू मात्र तापाने पडलीस. साधा ताप म्हणून दोन दिवस काढा प्यायलीस, मग श्वास लागला आणि तुला ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्या खाटेच्या पायथ्याशी मी उभा होतो. तुझ्या तोंडावरचा मास्क सुरेखाने जरा बाजूला केला तेव्हा तू तिला म्हणालीस, "त्याला इचार, जेवला का."

मी समोर होतो, वहिनी. हात लांब केला असता तर तुझ्या पायाला लागला असता. आणि मी सुरेखाला म्हणालो, "सांग तिला, जेवलो."

तेच शेवटचं. आता मी रोज तोलून बघतो. ते माझ्याशी बोलणं होतं की सुरेखाशी? तू आधी बोललीस असं धरायचं की नाही? बाजारात असला वाद आला असता तर मी चुटकीसरशी सोडवला असता. तू थेट 'जगन' म्हणायला हवं होतंस. एक शब्द. तुझ्याकडे तेवढा श्वास होता. काय सोसलं असेल ते तुलाच ठाऊक, पण मला राग येतो तो येतोच.

तू गेल्यावर वळ गावची आत्या घरात ठाण मांडून बसली. तुझं अंथरूण, उशी, चादर सगळं तिने गोळा केलं आणि गोधडीलाही हात घातला. "मेल्या बाईच्या हातची अर्धी गोधडी बाळाला घालनार? कुठं ऐकला न्हाय असला. तिच्या अंथरुनाबरोबर जाऊ दे."

मी एवढ्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "ती तिच्या अंथरुनातली न्हाय! माझ्या नातवंडाची हाय!"

"नातवंड अजून आला कुठं?"

"येईल. ठेव ती खाली."

आत्या म्हणाली, याला वेड लागलंय. प्राची येऊन गोधडीवर बसली, सुई टाळून सरळ वरच बसली, भरत आलेल्या दिवसांची, पाय पसरून. मग कोणी हात लावला नाही. मी तिथे कोणासाठी भांडलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. जिच्यावर कात्री चालवायची होती, तिच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं. तू असतीस तर गालात हसली असतीस आणि मला अजून राग आला असता.

तुझ्या बोलण्याची सवय घरातून जात नाही. सुरेखा अजून मला म्हणते, "त्या बोलतात..." आणि थांबते. कुकरची शिट्टी झाली की मी खिडकीखाली बघतो. गल्लीतल्या लूम चालू आहेत. टाका सरळ पडायला चांगला आवाज आहे, पण घालणारं कोणी नाही.

आणि काल, कार्याच्या आदल्या दिवशी, शंकर आला. बायकोला घेऊन. भांडणानंतर त्याने या घराची पायरी चढली नव्हती. स्मशानातही तो लांब उभा राहिला होता. मी ठरवून बसलो होतो की याला आज बोलायचं. बहिणीला माझ्या पेटीत हात घालायला लावलंस, माझ्या घरात अबोला घातलास, आणि ती तशीच गेली. सगळं तयार होतं जिभेवर. पण सवय. मी गप्प बसलो, त्याला आधी बोलू दिलं.

शंकर चटईच्या कडेला बसला. गोधडीकडे बघत म्हणाला, "शेठ, ह्याच्यातच हाय ना तो तुकडा?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"ताईनी सांगितला होता मना. बोलली, जगनला पयल्याच दिवशी कळला, माल पातळ हाय. पन त्यानी सोताच्या हातानी तुकडा माझ्याकडं दिला. बोलला, वहिनी, ह्यो धू न बाळाच्या गोधडीत लाव, म्हंजे विषयच नको." त्याने डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. "मी गाळ्यावर बसून रडलो, शेठ. आभार मानायला येनार होतो. ताई बोलली, जाऊ नको, त्याला असला आवडत न्हाय, चिडंल. म्हून आलो न्हाय. पन त्या दिवसापासून एक तागा पातळ मारला न्हाय मी. आईशपथ. आज ताई न्हाय, म्हून बोलतो."

त्याची बायको माझ्या पायाशी वाकली.

स्वयंपाकघराच्या दारात सुरेखा उभी होती, हातात चहाचे कप. तुकडा खरा कसा गेला ते तिला माहीत होतं. प्राचीलाही. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

तू समोर असतीस तर तिथल्या तिथे तुला भर घरात खोटं पाडलं असतं. म्हणालो असतो, शंकर, तुझी बहीण लबाड आहे, तिने तुकडा चोरला आणि माझ्या नावावर दान केला. तू काहीतरी उलट बोलली असतीस. मीही बोललो असतो. एवढ्या दिवसांचा अबोला तिथेच फुटला असता, आणि बहुतेक जोरजोरात भांडत आपण चहा प्यायलो असतो. पण तू फोटोत होतीस, हार घालून. एकट्याने कोणाला खोटं पाडायचं?

मी शंकरला म्हणालो, "चहा घे." मग म्हणालो, "उद्या कार्य झालं की तुझ्या बायकोला इथंच ठेव दोन दिवस. थोडीच राहिलीय गोधडी. सुरेखाबरोबर बसून पुरी करू दे."

तो बाईमाणसासारखा रडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वहिनी, तू मागितला असतास तर मी तो तुकडा दिला नसता. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू मागितला नाहीस. तेवढं मी समजू शकतो. पण मग शंकरला तू जो जगन सांगितलास, न मागता देणारा, तो कुठून आणलास? तसा माणूस या घरात कधी राहिला नाही. आता शंकर त्याला भेटायला पुन्हा पुन्हा येणार, सणावाराला, बाळाच्या बारशाला, आणि दार मलाच उघडावं लागणार.